दुसऱ्याच्या डोक्यावरचे तेल

परप्रांती बदलीचा हुकूम हाती पडला की घरातील मंडळी दोनच प्रश्न विचारतात: तेथे शाळा कशी आहे, आणि तेथील पाणी कसे आहे. शाळेचे उत्तर चार दिवसांत मिळते. पाण्याचे उत्तर मिळावयास सामान उतरून तीन महिने लोटावे लागतात. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास न्हाणीघराच्या जाळीवर केसांचा गुंता साचू लागतो, उशीवर केस दिसू लागतात, आणि मग कोणीतरी निवाडा देते की या गावचे पाणी केसांना मानवत नाही. हा निवाडा आम्ही जयपुरास ऐकला, दिल्लीस ऐकला, आणि आसामातील ज्या गावी आमच्या कोकणातल्या विहिरीसारखे मऊ पाणी होते तेथेही ऐकला. तेव्हा कोठे आमच्या मनात आले की आपण पाण्यावर अन्याय तर करीत नाही ना?

पाणी अगदीच निर्दोष आहे असे नव्हे. जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार साबणाशी मिळाले की त्यांचा चिकट साका होतो. तो केसांवर बसतो, केस राठ होतात, गुंततात आणि मधेच तुटतात. पण मुळापासून सुटून आलेल्या केसाची कथा निराळी आहे. डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षे महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर या गतीने वाढतो, नंतर तीनेक महिने विसावतो आणि गळून पडतो. असे पन्नास ते शंभर केस रोज जाणे ही हानी नव्हे, तो नित्यक्रम आहे. मात्र मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया किंवा मनाला बसलेला जबर धक्का यांमुळे पुष्कळसे केस एकाच वेळी विसाव्याच्या अवस्थेत ढकलले जातात, आणि दोनतीन महिन्यांनी ते एकदमच हाती येतात. बदली म्हणजे काही विषमज्वर नव्हे. तरीपण अकरा वर्षांचा संसार पेट्यांत भरून अनोळखी गावी पुन्हा मांडणाऱ्या गृहिणीला विचारले तर ती या दोहोंत फार अंतर ठेवील असे आम्हांस वाटत नाही. पाण्याला बोल लावण्यात एक सोय मात्र आहे: पाणी उलट उत्तर देत नाही.

हे सर्व आम्हांस उशिरा कळले, कारण केसांविषयी विचार करणे हे प्रौढ माणसाचे काम नव्हे अशाच संस्कारांत आम्ही वाढलो. शेंडीला गाठ मारण्यापुरतेच पुरुषाने आरशापुढे उभे राहावे, असे आमचे आजोबा म्हणत. वडिलांच्या पिढीत शेंडी गेली, पण आरशाविषयीचा संशय राहिला. डोक्याला तेल लावणे, ते चोळणे, केस विंचरणे या गोष्टी मुलींना आईने करून द्यावयाच्या. मुलग्यांनी त्यांत वेळ दवडला तर ते चोचले. या शिकवणीला तत्त्वज्ञानाचाही मोठा आधार होता. केस ही मृत वस्तू आहे. त्वचेच्या आत, मुळाशी जे आहे तेवढेच जिवंत; बाहेर आलेला प्रत्येक तंतू निर्जीव असतो, म्हणून तर तो कापताना दुखत नाही. बौद्ध भिक्षू शरीराच्या बत्तीस भागांचे चिंतन करतो ते शरीराची आसक्ती सुटावी म्हणून, आणि त्या यादीत पहिले नाव केसांचेच आहे. संन्यासी मुंडन करतो, तापसी जटा वाढवितो. दोघेही जगाला एकच गोष्ट सांगतात: या वस्तूची निगा आम्ही सोडली आहे.

मग जी वस्तू मेलेली आहे, जी आज ना उद्या गळणारच आहे, तिची रोज काळजी घेणे हा मोह की कर्तव्य? प्रश्न क्षुल्लक दिसतो. आम्हीही अनेक वर्षे तो क्षुल्लकच मानला. परंतु आमच्याच घरात एक व्यक्ती अशी होती की जिच्याकडे पाहून तो क्षुल्लक मानण्याचा अधिकार आम्हांस नव्हता, आणि हे आम्हांस तिच्या हयातीत उमजले नाही.

आमच्या वडिलांची आत्या, म्हणजे आम्हां मुलांची आत्याआजी, अकराव्या वर्षी विधवा झाली आणि पुढे रीतीप्रमाणे तिचे केशवपन झाले. 1962 साली आम्ही तिला पाहत होतो तेव्हा ती सत्तरीच्या पुढे होती. लाल आलवणाचा पदर कपाळापर्यंत ओढलेला असे. दर पंधरवड्याला पहाटे, आम्ही उठण्यापूर्वी, मागील दाराशी न्हावी येई. त्याच्या येण्याविषयी घरात कोणी बोलत नसे. एकदा आम्ही लवकर जागे होऊन मागल्या पडवीत गेलो, तेव्हा आईने आमच्या दंडाला धरून मागे ओढले. ती पकड आजही स्मरणात आहे.

याच आत्याआजीकडे घरातील सर्व मुलांची डोकी सोपविलेली असत. शनिवारी दिवेलागणीनंतर ती वाटीत खोबरेल घेऊन ओसरीवर बसे. वाटी चुलीच्या वैलावर क्षणभर ठेवून तेल कोमट केलेले असे. कढत तेल तिला खपत नसे. एकेकाला पुढ्यात बसवून ती केसांत बोटांनी भांग पाडी आणि भांगाच्या रेषेवर थेंब थेंब तेल सोडी. नखे लागू द्यावयाची नाहीत, बोटांच्या पेरांनीच कातडी हलवावयाची, आणि घाई करावयाची नाही. मुलींच्या केसांचे ती आधी टोकाकडचे गुंते सोडवी, मग मधले, आणि शेवटी मुळापासून कंगवा फिरवी. उवांसाठी बारीक दातांची फणी वेगळी असे. रविवारी न्हाणीघरात बंबाच्या पाण्यात शिकेकाई, रिठा, नागरमोथा आणि आवळकाठी उकळल्याचा वास भरून राही; शिकेकाई डोळ्यांत गेली म्हणून रडणाऱ्या पोरांना ती एका हाताने आवरी आणि दुसऱ्या हाताने डोके धूत असे. ओल्या केसांना कंगवा लावू नका आणि पंचाने खसाखसा पुसू नका, असा तिचा दंडक होता. भिजलेला केस फुगतो, ताणला जातो आणि सहज तुटतो हे आज कोणताही त्वचारोगतज्ज्ञ सांगेल. ज्या स्त्रीला आयुष्यात स्वतःच्या केसांवरून कंगवा फिरविण्याची संधी अकराव्या वर्षानंतर मिळाली नाही, तिला हे ठाऊक होते.

आता चोचले हा शब्द उच्चारून पाहावा. ज्या समाजाने केसांच्या निगेला फाजील मोह म्हटले, त्याच समाजाने स्त्रीला शिक्षा करावयाची तेव्हा नेमके केसच हिरावून घेतले. वस्तू इतकी क्षुल्लक असती तर तिच्या हरणाने एवढे मोठे दुःख देता आले नसते. संन्याशाचे मुंडन आणि आत्याआजीचे मुंडन यांत वस्तरा एकच होता. फरक एवढाच की पहिल्या ठिकाणी डोके ज्याचे त्याचा निर्णय होता, आणि दुसऱ्या ठिकाणी निर्णय इतर सर्वांचा होता. आगरकरांनी 1888 साली ‘सुधारक’ सुरू केल्यावर या रूढीवर कोरडे ओढले, ते आपल्या वाचकांस माहीत आहे. त्या मानाने कमी आठवली जाणारी गोष्ट 1890 सालची आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत नाभिकांची सभा भरली आणि विधवांच्या डोक्यावर आपण वस्तरा चालविणार नाही, असे त्यांनी ठरविले. आम्हांस या घटनेचे मोल फार वाटते. निबंध लिहिणाऱ्यांनी प्रश्न वृत्तीचा केला. या माणसांनी तो स्वतःच्या हाताचा केला. दुसऱ्याच्या डोक्याची निगा राखणे हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांनी विचारले की आपला हात हे जे करतो आहे ती निगा आहे काय? आमच्या गावी तो ठराव पोचला नाही, किंवा पोचून विरला.

निगा हिरावून घेण्याने माणूस बांधला जातो तसा निगा न राखल्यानेही बांधला जातो. दक्षिण महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात मुलीच्या डोक्यात जट आली की सौंदत्तीच्या यल्लम्माचे बोलावणे आले असे मानले जाई, आणि कित्येक मुलींचे आयुष्य त्या एका गुंत्यावर देवदासी म्हणून वाहिले गेले. मुंबई इलाख्यात 1934 साली आणि कर्नाटकात 1982 साली या प्रथेविरुद्ध कायदे झाले. जट कशी होते? रोज गळणारे ते पन्नास-शंभर केस विंचरून बाहेर काढले नाहीत तर ते उरलेल्या केसांतच अडकतात. त्यांत मळ आणि घाम मिसळतो, आणि हळूहळू त्यांचा नमदा बनतो. पाणी दुरून आणावयाचे, तेलाला पैसा नाही, दिवसभर मजुरी, अशा घरात मुलीचे डोके विंचरावयास कोणाला सवड असणार? दारिद्र्याने केलेल्या गुंत्याला देवीचे नाव मिळाले, आणि एकदा ते मिळाल्यावर कात्री लावण्यास कोणी धजेना. 1989 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते आज अशा बायकांच्या घरी जातात, समजूत घालतात आणि जट कापून देतात. मानेवरचे ओझे उतरल्यावर ती बाई प्रथम डोके डावी-उजवीकडे वळवून पाहत असेल, असे आम्हांस नेहमी वाटते.

येथे कोणी असे समजू नये की आम्ही प्रत्येक जुन्या समजुतीला मान तुकवितो. चरकाच्या सूत्रस्थानात रोज डोक्यास तेल लावणाऱ्याला टक्कल पडत नाही आणि केस पिकत नाहीत असे आश्वासन आहे. ते खरे असते तर खोबरेलावर वाढलेल्या आमच्या घराण्यात एवढी टकले दिसली नसती. पुरुषांचे टक्कल बहुधा वंशातून व अंतःस्रावांमुळे येते. तेल त्याला अडवीत नाही. तेल केसांच्या मुळांना अन्नही पुरवीत नाही, ते काम रक्ताचे आहे. परंतु आत्याआजीची वाटी सर्वस्वी व्यर्थही नव्हती. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या, मुंबईच्या दोन संशोधकांच्या अभ्यासात असे दिसले की खोबरेल केसाच्या आत शिरते आणि धुण्यापूर्वी लावल्यास केसातील प्रथिनांची झीज कमी करते. सूर्यफुलाच्या किंवा खनिज तेलाने ते साधत नाही. उलट कोंडा झाला की तेल थापावे ही घरोघरची समजूत चुकीची आहे. कोंडा बहुधा डोक्याच्या त्वचेवर राहणाऱ्या एका सूक्ष्म बुरशीमुळे वाढतो आणि ती बुरशी तेलकटपणावरच जगते. तेथे तेल थांबवून डोके अधिक वेळा धुवावे, गरज पडल्यास वैद्याने दिलेले औषधी द्रव्य वापरावे, हेच शहाणपण.

शॅम्पू या शब्दाची हकीकत या संदर्भात मौजेची आहे. तो इंग्रजीत गेला तो आपल्याकडच्या चांपण्यातून, म्हणजे डोके-अंग दाबून रगडण्यातून. पाटण्यास 1759 साली जन्मलेला शेख दीन महंमद इंग्लंडात जाऊन ब्रायटन येथे स्नानगृह चालवू लागला, आणि तेथे तो गोऱ्या साहेबांना जे ‘शॅम्पू’ करी ते मर्दन होते. पुढे शब्दातला हात गळाला आणि बाटलीतला फेस तेवढा राहिला. आज त्या बाटलीच्या जाहिराती माणसाला आधी स्वतःच्या डोक्याची लाज वाटावयास लावतात आणि मग उपाय विकतात. आमच्या आजोबांचा आरशावरचा राग अशा वेळी समजू शकतो. त्यांचा संशय चुकीचा नव्हता. तो चुकीच्या माणसांवर होता.

कलकत्त्यास असताना एका बंगाली सहकाऱ्याने आम्हांस जगदीशचंद्र बोस यांची एक कथा सांगितली होती. कुंतलीन नावाच्या केशतेलाच्या मालकाने लावलेल्या बक्षिसासाठी 1896 साली त्या थोर शास्त्रज्ञाने ती लिहिली. तापाने केस गेलेला एक गृहस्थ समुद्रप्रवासास निघतो, त्याची लहान मुलगी त्याच्या सामानात केशतेलाची बाटली ठेवून देते, आणि वादळात ती बाटली समुद्रात ओतल्याने लाटा शमतात. गोष्ट विनोदी आहे आणि तेल पाण्यावर पसरून तरंग दाबते या भौतिकशास्त्रीय सत्यावर बेतलेली आहे. आम्ही तेव्हा शास्त्राला दाद दिली. बाटली मुलीने ठेवली होती, याकडे आमचे लक्ष गेले नाही.

ते लक्ष जावयास 1994 चा हिवाळा यावा लागला. आमची आई तेव्हा दिल्लीस आमच्याकडे होती आणि पडून तिच्या खुब्याचे हाड मोडले. सहा आठवडे ती अंथरुणावर होती. उशीवर घासून डोक्याच्या मागल्या बाजूस केसांची घट्ट गुठळी झाली. आमच्या पत्नीला नोकरी होती, आम्हांस कार्यालय होते. दिवसा येणाऱ्या परिचारिकेने सुचविले की केस बारीक कापून टाकले म्हणजे पुसणे-धुणे सोपे जाईल. आम्हांस ते तत्काळ पटले. सरकारी नोकरीत तीन दशके काढलेल्या माणसाला सोय पटावयास वेळ लागत नाही. संध्याकाळी आम्ही आईला तसे सांगितले, आणि वर अशीही पुस्ती जोडली की या वयात केसांचे काय घेऊन बसलीस.

आई बराच वेळ भिंतीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “मला आत्याबाईंसारखी करणार का?”

आम्ही दुसऱ्याच्या डोक्याविषयी निर्णय घेतला होता, आमच्या सोयीसाठी, आणि त्याला वैराग्याचे नाव दिले होते. मागील दाराशी पहाटे जे चाले ते याहून निराळे काय होते? वस्तऱ्याऐवजी कात्री होती, रूढीऐवजी आरोग्य होते, आणि मुलगा प्रेमळ होता. एवढ्या तिन्ही गोष्टींनी आईच्या डोळ्यांत काहीच फरक पडला नव्हता. आमच्याशी वाद घालणारे म्हणतील की रुग्णसेवेत सोय पाहावीच लागते, आणि कधी केस कापावेही लागतात. ते आम्ही मान्य करतो. पण तशी वेळ आली नव्हती. वेळ आमच्यापाशी नव्हता, एवढेच.

गुंता कसा सोडवावा हे मात्र आम्हांस येत नव्हते. ते शिकविले शेजारच्या क्वार्टरमधील सरदारजींनी. शीख धर्मात केस राखणे हे व्रत आहे, आणि त्याबरोबर कंघाही आहे. केस दिवसातून दोनदा विंचरावे असा संकेत आहे. केस ठेवा पण जटा होऊ देऊ नका, ईश्वराने दिलेले टाकू नका आणि त्याची हेळसांडही करू नका, असा त्यातला भाव त्यांनी आम्हांस पूर्वी सांगितला होता, आणि आम्ही तो संन्यासी व तापसी यांच्यापुढचा तिसरा मार्ग म्हणून मनात टिपून ठेवला होता. त्या दिवशी ते तत्त्वज्ञान बोलले नाहीत. त्यांनी विचारले, “तेल आहे ना? टोकापासून सुरू करा. बोटांनी. कंघा शेवटी.” आत्याआजी हेच सांगे, पण ती सांगे मुलींना.

दिल्लीच्या थंडीत खोबरेल दगडासारखे गोठते. चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली ते वितळत नाही. बाटली ऊन पाण्याच्या पातेल्यात ठेवून आम्ही आईच्या उशाशी बसलो. पहिल्या संध्याकाळी तेल मुरण्यापलीकडे काही झाले नाही. दुसऱ्या दिवशी गुठळीची कड सैल झाली. आई डोळे मिटून पडून होती. मुलाने डोक्याला हात लावावा याचा तिलाही संकोच होता आणि आम्हांसही. चौथ्या दिवशी शेवटचा गुंता सुटला, आणि आम्ही आयुष्यात प्रथमच तीन पेडांची वेणी घातली. ती वाकडी झाली. आईने हाताने चाचपून पाहिली आणि काही बोलली नाही. मग कंगव्यातला गुंतवळ दाखव म्हणाली. आम्ही तो तिच्या तळव्यावर ठेवला. बराच होता, पांढरा, मधे काही काळे. ती म्हणाली, “आत्याबाई आम्हां सगळ्यांचा गुंतवळ असा बोटाला गुंडाळायच्या. टाकू द्यायच्या नाहीत. पडवीच्या भिंतीत फट होती, तिथे ठेवायच्या.” आणि उजव्या हाताच्या तर्जनीवर ती तो एकेक पदर गुंडाळू लागली.